पत्ते, फासे आणि नियती : भूमिका-खेळांतलं भविष्यकथन



मागच्या व्याख्यानात आपण नियतिवादाबद्दल बोललो. जे व्हायचं ते ठरलेलंच आहे का, आणि ठरलेलं असेल तर माणसाच्या करण्याला काही अर्थ उरतो का, हा तो प्रश्न. आज तोच प्रश्न एका वेगळ्या दाराने आत आणायचा आहे, आणि ते दार म्हणजे एक खेळ. विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाने खेळांवर काय बोलायचं? पण एक सांगतो. भाकीत आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात का, हे आम्ही वर्गात शब्दांनी तपासतो. या खेळांच्या रचनाकारांना ते प्रत्यक्ष चालवून दाखवावं लागलं. नाही चाललं तर लोक टेबलावरून उठून जातात.

आधी खेळ कसा असतो ते थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक पात्र घेतलेलं असतं : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण सूत्रधार. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तू काय करतोस?" खेळाडू सांगतो. जिथे यश मिळेल की नाही याची शंका असते तिथे फासा टाकतात. संहिता आधी लिहिलेली नसते. या प्रकारचा छापून विकला गेलेला पहिला खेळ म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. साल १९७४, गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनीव्हा.

या खेळाची ओळखीची खूण म्हणजे वीस बाजूंचा फासा. रचनाकारांना तो गणित शिकवण्याच्या साहित्यात सापडला. पण वस्तू फार जुनी आहे. इजिप्तमध्ये ग्रीक आणि रोमन काळातले असे वीस बाजूंचे ठोकळे मिळालेले आहेत. दाखला मरूद्यानात मिळालेल्या एका ठोकळ्याच्या बाजूंवर देवतांची नावं कोरलेली आहेत. अभ्यासकांचा अंदाज असा की तो देवाला प्रश्न विचारण्यासाठी होता.

फासा हे खेळाचं साधन की दैवी उत्तराचं? जुन्या जगात या दोहोंमध्ये भिंत नव्हती. आशिया मायनरच्या दक्षिण भागात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले शिलालेख आहेत. गावाच्या चौकात दगड उभा, त्यावर उत्तरं कोरलेली. मेंढीच्या घोट्याची पाच हाडं टाकायची आणि पडलेल्या दानाखालचं उत्तर वाचायचं. प्रत्येक हाड चार प्रकारे पडतं, म्हणून एकूण ५६ दानं आणि ५६ उत्तरं. आपल्याकडेही हे होतं. १८९० साली हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याला मध्य आशियात कुचा इथे भूर्जपत्रावरची एक संस्कृत पोथी मिळाली. ती आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. आयुर्वेदाचे अभ्यासक तिला चांगलं ओळखतात, कारण तिचा बराचसा भाग वैद्यकाचा आहे. पण तिचे दोन भाग आहेत फासे टाकून भविष्य पाहण्याचे. चार अंकांचा फासा तीनदा टाकायचा, म्हणजे ६४ शक्यता, आणि प्रत्येकीचं फळ दिलेलं.

पत्त्यांचं मात्र उलट झालं. टॅरो म्हटलं की मेणबत्ती, काळं कापड, गूढ बाई असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. वस्तुस्थिती अशी की टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत निर्माण झाले ते खेळायला. आपण हुकमाचे पत्ते लावून हात करतो ना, तसाच तो खेळ. त्यातले २१ सचित्र पत्ते म्हणजे कायमचा हुकूम. साडेतीनशे वर्षांच्या आसपास लोक हे पत्ते निवांत खेळत होते. मग १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने जाहीर केलं की ही प्राचीन इजिप्तची गुप्त विद्या आहे. तेव्हा इजिप्तची लिपी वाचता येणारा एकही माणूस जिवंत नव्हता. शांपोलियॉंने ती उलगडली १८२२ साली! पण कल्पना आकर्षक होती, ती चालली, आणि लवकरच टॅरोवरून भविष्य सांगण्याची पुस्तकं निघाली.

हा सगळा इतिहास चोखपणे मांडला तो एका तत्त्वज्ञाने, मायकेल डमेट यांनी. ऑक्सफर्डला तर्कशास्त्राचे प्राध्यापक, फ्रेगेचे मोठे भाष्यकार. १९८० साली त्यांनी ‘द गेम ऑफ टॅरो’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. डमेट यांच्याकडे आज आपल्याला पुन्हा यायचं आहे, दोन कारणांसाठी. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

आता मूळ अडचण. गोष्टीत भविष्यवाणी घालणं सोपं असतं. आकाशवाणी होते की देवकीचा आठवा पुत्र कंसाला मारील. कंस काय वाटेल ते करो, शेवट ठरलेला असतो, कारण सांगणारा एक आहे आणि कंस त्याच्या मुठीत आहे. पण समजा कंसाची भूमिका एक खेळाडू करतो आहे. तो म्हणेल, "ठीक आहे, मी देवकीला मुक्त करतो आणि राज्य सोडून हिमालयात जातो." आता सूत्रधार काय करणार? त्याला जाऊ दिलं तर आकाशवाणी खोटी पडते. अडवलं तर खेळाडू म्हणतो, मग मला कशाला विचारतोस, तूच सांग गोष्ट. एक तर भविष्य मरतं, नाही तर खेळ.

प्राचीन ग्रीकांकडे याला आळशाचा युक्तिवाद म्हणत. सिसेरोने तो नोंदवला आहे : बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, तू बरा होशीलच. आपल्याकडे "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" म्हणतात ते हेच. त्यावर स्टोइक पंथाच्या क्रायसिपसचं उत्तर असं होतं की वैद्याला बोलावणं हेही त्या नशिबाचाच भाग आहे. उत्तर हुशारीचं आहे. पण टेबलावर त्याचा उपयोग नाही, कारण वैद्याला बोलवायचं की नाही हे समोरचा जिवंत माणूस आत्ता ठरवणार असतो.

रचनाकारांनी यातून वाटा कशा काढल्या ते बघू.

पहिली वाट धोक्याची. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत एक जादूचा पत्त्यांचा जोड आला, ‘डेक ऑफ मेनी थिंग्ज’. किती पत्ते ओढणार हे खेळाडूने आधी सांगायचं आणि मग ओढायचे. एका पत्त्याने संपत्ती, दुसऱ्याने सर्वनाश. हे पत्ते भविष्य सांगत नाहीत, ते थेट अंगावर आणतात. आणि ते आणतात पात्राच्याच अंगावर. एका पत्त्याने महिनोन्‌महिने चाललेला खेळ उधळल्याच्या कहाण्या खेळाडू अजून सांगतात. स्वातंत्र्य होतं ते फक्त एकाच ठिकाणी, ओढू की नको.

दुसरी वाट सावध. १९७८च्या नियमपुस्तकात पुरोहित पात्रांसाठी शकुन पाहण्याचा मंत्र आहे. पुढच्या अर्ध्या तासात अमुक केलं तर बरं होईल की वाईट, एवढंच विचारायचं. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात त्यासारखंच : कळी उजवी पडली की डावी. यात गंमत अशी की उत्तर बरोबर येण्याची शक्यता मुळात ७० टक्के ठेवली होती, पातळीप्रमाणे थोडी वाढणारी. म्हणजे देवाचा कौलही चुकू शकतो. २०१४च्या आवृत्तीत तर असा नियम आहे की विश्रांती न घेता पुन्हा कौल लावला तर उत्तर भलतंच येण्याची शक्यता दर खेपेला २५ टक्क्यांनी वाढते, आणि तो फासा सूत्रधार गुपचूप टाकतो. मनासारखं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणारे लोक आपण पाहिलेले आहेत. नियम करणाऱ्यानेही ते पाहिलेले असावेत!

या वाटेने स्वातंत्र्य शाबूत राहतं, कारण भाकीत सशर्त असतं : "असं केलंस तर." पण त्यात नियतीचा थरार नाही. तो आला तिसऱ्या वाटेने, आणि इथे थोडं थांबायला हवं.

१९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याचं ‘रेव्हनलॉफ्ट’ प्रसिद्ध झालं. लहानसं पुस्तक. एक किल्ला आणि त्यात स्ट्राड नावाचा रक्तपिपासू सरदार. हिकमन दांपत्य छापण्याआधी काही वर्षं हॅलोविनच्या सुमारास आपल्या मित्रमंडळींबरोबर हे खेळत असे. त्यात एक म्हातारी भविष्य सांगते, मादाम इव्हा. सूत्रधार खरोखरचे, घरातले साधे पत्ते घेतो, पिसतो आणि मांडतो. त्या पत्त्यांवरून ठरतं की स्ट्राडला मारायला उपयोगी पडणाऱ्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत, तो स्वतः कुठे भेटेल आणि या खेपेला त्याचा हेतू काय आहे. २०१६ साली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ नावाने याची नवी आवृत्ती आली. तिच्यासाठी ‘टारोका’ नावाचा ५४ पत्त्यांचा वेगळा जोड आहे. पाच पत्ते ओढायचे. पहिले तीन स्ट्राडची रोजनिशी, पवित्र चिन्ह आणि सूर्यखड्ग यांच्या जागा सांगतात. चौथा मदतनीस कोण ते सांगतो. पाचवा शत्रूची जागा.

यात काय साधलं? म्हातारीचं भाकीत शंभर टक्के खरं ठरतं. ती म्हणाली की तलवार अमुक ठिकाणी आहे, तर ती तिथे असतेच. पण त्या भाकितात खेळाडूबद्दल चकार शब्द नाही. तू तिथे जाशील, जिंकशील, पळून जाशील, यातलं काहीही ती सांगत नाही. नियती वस्तूंना लागू, माणसांना नाही. आळशाचा युक्तिवाद इथे लटका पडतो, कारण तलवार कुठे आहे हे ठरलेलं असूनही ती आणायला जावंच लागतं.

आता तर्काचा भाग. पत्ता उलटण्याआधी तलवार कुठे होती? नुसती कुणाला ठाऊक नव्हती असं म्हणून चालणार नाही. त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. पत्ता उलटला आणि उत्तर तयार झालं. पण गोष्टीच्या आत बघा : तलवार तिथे अनेक वर्षांपूर्वीच दडवलेली आहे! म्हणजे आज संध्याकाळी उलटलेल्या पत्त्याने गोष्टीतला भूतकाळ ठरवला.

इथे डमेट पुन्हा भेटतात. १९६४ साली त्यांनी ‘भूतकाळ घडवून आणणे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण असं. एका टोळीतले तरुण सिंहाच्या शिकारीला जातात. दोन दिवस जायला, दोन दिवस शिकार, दोन दिवस परतायला. त्यांना धैर्य लाभावं म्हणून टोळीचा मुखिया सहाही दिवस नाचतो. शेवटच्या दोन दिवशी शिकार तर संपलेली आहे, जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. मग तो अजून का नाचतो? आपण त्याला हसतो. डमेट म्हणतात, हसण्याआधी त्याचं खंडन करून दाखवा, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. मुखियाला निकाल कळलेला नाही तोवर त्याचं नाचणं निरर्थक ठरवणं, हे भविष्याबाबतच्या नियतिवादाइतकंच घसरडं आहे. आम्ही हा निबंध शिकवायचो तेव्हा विद्यार्थ्यांना ते नाचणं पटवून देणं कठीण जायचं. ‘रेव्हनलॉफ्ट’च्या टेबलावर ते दर खेपेला घडतं. तिथे कुणाला त्यात काही विचित्रही वाटत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की गोष्टीतला भूतकाळ आपणच घडवतो आहोत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : या खेळांतलं भविष्यकथन हे ज्ञान नाही, तो निर्णय आहे. म्हातारी भविष्य ‘पाहत’ नाही, टेबलावरची माणसं ते ‘ठरवतात’. आणि तो निर्णय सर्वांच्या संमतीने, पत्त्यांवर सोपवलेला असतो.

पुढच्या दोन पायऱ्या भराभर सांगतो. १९९५ साली जोनाथन ट्वीट यांचा ‘एव्हरवे’ आला. त्यात फासेच नाहीत, ३६ पत्त्यांचा ‘भाग्याचा’ जोड आहे. पत्ता सुलटा आला तर एक अर्थ, उलटा आला तर दुसरा. निकाल लावायच्या तीन रीती त्यांनी सांगितल्या आणि त्यांना नावं दिली : कर्म, नाट्य आणि भाग्य. कर्म म्हणजे पात्राची जेवढी ताकद तेवढं फळ, नाट्य म्हणजे गोष्टीला जे हवं ते, आणि भाग्य म्हणजे पत्ता. आपल्या कर्मसिद्धान्तातला जन्मजन्मांतरीचा हिशोब यात अर्थातच नाही. पण दैव की पुरुषकार, हा आपल्याकडचा जुना वाद अमेरिकेतल्या एका खेळाच्या नियमांत येऊन बसला, हे नोंदवण्यासारखं आहे.

आणि २०१४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये भविष्यवेत्त्या जादूगाराला एक शक्ती मिळाली. दीर्घ विश्रांतीनंतर त्याने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून आकडे लिहून ठेवायचे. पुढे कुणाच्या फाशाच्या जागी यातला आकडा लावायचा हे तो ठरवतो. समजा सकाळी ३ आणि १८ पडले. एक वाईट क्षण आणि एक चांगला क्षण हाताशी आला. कुणाच्या वाट्याला आणि केव्हा, हे त्याच्या हातात. नियती इथे गाठीला बांधलेल्या नाण्यांसारखी आहे. कुठे खर्चायची ते आपण बघू.

इथवर सगळं छान आहे. आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

या सगळ्या रचनेत खेळाडूचं स्वातंत्र्य जपलं गेलं. ज्या म्हातारीच्या तोंडून नियती बोलते, तिचं काय? १९८३च्या पुस्तकात ती आणि तिची माणसं ‘जिप्सी’ म्हणूनच आली, पुढे त्यांना ‘व्हिस्तानी’ हे कल्पित नाव मिळालं. रंगीत गाड्या, भटकंती, पत्ते, शाप, पिणं आणि शत्रूशी संधान. हे चित्र कुणाचं आहे ते उघड आहे. रोमानी लोकांचं.

रोमानी लोक आपल्याला दूरचे वाटतात, पण त्यांची भाषा आपल्या भाषांची बहीण आहे. त्यांच्याकडे पाण्याला ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’. एक हजार वर्षांमागे केव्हातरी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले. युरोपात पोचल्यावर भविष्य सांगणं हा त्यांच्यापैकी काहींचा पोटाचा धंदा झाला, आणि तोच आरोपही झाला. इंग्लंडच्या १५३०च्या कायद्यात त्यांना देशाबाहेर घालवण्याचं फर्मान आहे आणि हात पाहून भविष्य सांगण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. १८२४च्या भटकेगिरीच्या कायद्यानेही भविष्य सांगणं हा गुन्हा ठरवला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांच्यापैकी लाखोंना मारलं. टॅरोचे पत्ते त्यांनी निर्माण केल्याचा काहीही पुरावा नाही. पण कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी पत्ते त्यांच्या हातात कोंबले, आणि खेळाने तेच चित्र उचललं.

२०२० साली प्रकाशकांनी, म्हणजे ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ने, व्हिस्तानींचं चित्रण रोमानी लोकांबद्दलच्या ठोकळेबाज कल्पनांचे पडसाद उमटवतं हे मान्य केलं. रोमानी सल्लागाराची मदत घेतल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी ‘कर्स ऑफ स्ट्राड’चा मजकूर सुधारला. काहींना हा अति-संवेदनशीलपणा वाटला. मला तो तर्काला धरून वाटतो. ज्या खेळाचा पहिला प्रश्न "तू काय करतोस?" असा आहे, त्यात एका अख्ख्या समाजाचा स्वभाव, धंदा आणि इमान आधीच ठरवून टाकायचं? तलवारीची जागा पत्त्याने ठरवा, खुशाल ठरवा. माणसांवर नियती लादायची नाही हा नियम खेळाडूंपुरता कसा राहील?

डमेट यांचं दुसरं कारण म्हणालो होतो, ते इथे. फ्रेगेवरचा त्यांचा ग्रंथ रखडला, १९७३ साली निघाला. प्रस्तावनेत त्यांनी कारण दिलं आहे : ते ब्रिटनमधल्या वंशद्वेषाविरुद्धच्या कामात गुंतले होते. पत्त्यांचा इतिहास लिहिणारा आणि निर्वासितांसाठी झटणारा माणूस एकच होता.

आपल्यालाही अंग झटकता येणार नाही. पहाटे दारात येणारा पिंगळा, कुडमुडं वाजवणारे जोशी यांना आपण ‘संस्कृती’ म्हणून चित्रांत बसवलं. कुडमुडे जोशी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. "कुडमुड्या जोशी" हे मात्र आपल्या भाषेत हिणवण्याचं विशेषण. त्यांच्या मुलांना दुसरं काही व्हायचं असेल, तर आपल्या मनातल्या चित्रात त्यासाठी जागा आहे का?

शेवटी एक नेहमीचा प्रश्न : अशा खेळांनी अंधश्रद्धा वाढत नाही का? अमेरिकेतही हा आरोप झाला. ‘रेव्हनलॉफ्ट’ निघालं त्याच १९८३ साली तिथे या खेळाविरुद्ध एक संघटना उभी राहिली. मला उलट वाटतं. फलज्योतिष ज्ञानाचा दावा करतं, म्हणून त्याची परीक्षा घेता येते. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात पत्रिकांवर ती घेतली, आणि ज्योतिष्यांचे निष्कर्ष नाणं उडवून मिळाले असते त्याहून सरस नव्हते. खेळातला पत्ता असा दावाच करत नाही. तो सर्वांसमोर पिसला जातो आणि सर्वांसमोर उलटला जातो. भविष्य कसं बनवलं जातं हे ज्याने स्वतःच्या हातांनी पाहिलं आहे, तो बंद दाराआडच्या भविष्यवाल्याला एक प्रश्न जरूर विचारील : हे तुम्ही पाहिलंत, की ठरवलंत?

तो प्रश्न विचारता येणं, मला वाटतं, पुष्कळ झालं.